लग्नगडी

लग्नगडी हा शब्द कानाला गोड लागतो, एखाद्या वेबसीरिजला शोभेल असा. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना कळतं की हे लग्नाच्या कर्जापायी राबणाऱ्या माणसाचं नाव आहे. डहाणू-उंबरगावकडचा वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचा आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचा. त्याच्यासोबत बायकोही राबायची. यात व्याजाचा दर शोधत बसू नका. मजुरी मालक ठरवणार, वही मालकाच्या घरात आणि ती वाचता येणाराही मालकच. कर्ज फिटण्याची सोयच या रचनेत नव्हती.

आमच्या क्षेत्रात दोन वर्षांच्या बॉन्डवर सही केलेली मुलं स्वतःला गमतीनं वेठबिगार म्हणवून घेतात. हे पुस्तक वाचल्यावर तो विनोद टिकत नाही. बॉन्डचे पैसे भरून बाहेर पडता येतं आणि बॉन्डवाल्याच्या बायकोला कुणी टीम लीडच्या घरी भांडी घासायला बोलवत नाही.

पुस्तक १९७० साली आलं आणि १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. तेव्हापासून त्याच्याबद्दल बोलताना ‘हृदयद्रावक’ हा शब्द ठरल्यासारखा येतो. मला तो अपुरा वाटतो. अत्याचारांची वर्णनं अंगावर येतात हे खरं, पण पुस्तकाची ताकद मला दरांमध्ये दिसते. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला माह्या धांगडा आणि काही वारली गेले. मे महिन्यात झरीला आदिवासींची स्वतःची परिषद झाली. तिथे ठरलं की दिवसाला १२ आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही. वेठ बंद. पुढे पावसाळा सरला, गवत कापणीला आलं. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं आणि ते वेळेत कापावंच लागायचं, म्हणून संपाला धार आली. फुकट राबणाऱ्या माणसानं आपल्या दिवसाला आकडा लावणं ही केवढी मोठी घटना आहे, हे परुळेकर फार साध्या भाषेत दाखवतात. त्या स्वतः कायदा शिकलेल्या होत्या. नेमकेपणाची ती सवय लिखाणात उतरली असावी.

आता माझी तक्रार. शीर्षकातला माणूस जागा होतो, म्हणजे आधी झोपलेला होता का? टिटवाळ्याला आपल्या पायांनी गेलेली माणसं झोपलेली नव्हती. त्यांना संघटना हवी होती, वकील हवा होता, पोलीस ठाण्यात सोबत हवी होती. पण निवेदन कार्यकर्तीच्या नजरेतून येतं, त्यामुळे वारली बरेचदा ‘आम्ही त्यांना समजावलं’ या वाक्यातल्या ‘त्यांना’मध्ये राहतात. वारली त्यांना गोदाराणी म्हणत. मालकांपासून सुटू पाहणाऱ्यांनी प्रेमानं दिलेलं नावही ‘राणी’ असावं, याचा विचार पुस्तकाबाहेर आपल्यालाच करावा लागतो. लग्नगड्याच्या बायकोला त्या लग्नाबद्दल काय वाटत होतं, हेही मला वाचायचं होतं.

तरीही हे पुस्तक नसतं तर तलवाडा आपल्यापर्यंत कसा पोचला असता? १० ऑक्टोबर १९४५. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठवली गेली, लोक काठ्या घेऊन जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. शाळेत ‘भारत छोडो’ शिकलो, त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबईपासून काही तासांवर घडलेलं हे कुणी शिकवलं नाही.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा, म्हणजे पुस्तकानंतरचा. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं. आज ठाणे-रायगडकडची कातकरी कुटुंबं पावसाळ्यात वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतात आणि हंगामभर ती फेडत राहतात. नवरा-बायको दोघंही. वही अजून मालकाकडेच असते.

भाषा सोपी आहे, ट्रेनमध्येही वाचता येईल. वेळ कमी असेल तर झरीच्या परिषदेपासून सुरुवात करा.