मूर्ती लहान, भाव महान

पगार किती, जामीन कोण आणि तारण काय, एवढे तीन प्रश्न विचारले की बँकेच्या दृष्टीने समोरच्या माणसाचे रसग्रहण पूर्ण होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. 'रसग्रहण' हा शब्द मी शाळेत कवितेखाली पाच मार्कांसाठी लिहिला तो शेवटचा. त्यामुळे आज मी समीक्षा लिहायला बसलो आहे, आणि तीही एका लाकडी पेटीची, हे कळल्यावर आमच्या शाखेतली मंडळी हसणार. हसू देत. ही मंडळी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गाणी लावतात आणि आवाज मोठा व्हावा म्हणून तो मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा करतात. अशांचा अभिप्राय मी मनावर घेत नाही. तो पेला सहा महिन्यांपूर्वीपर्यंत माझाच होता, ही गोष्ट वेगळी.

हा रोग मला वरच्या मजल्यावरून लागला. तिथले काका व्यापारी जहाजावर इंजिनीअर होते. जहाजावरची माणसं परदेशातून सेंट आणतात, चॉकलेटं आणतात. काकांनी १९८०च्या सुमारास लंडनहून दोन पेट्या आणल्या. त्या पेट्यांचं नाव 'एलएस ३/५ए'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते आयकराचं कलम वाटलं.

काकांकडे गाणं ऐकायला जाणं म्हणजे सोवळ्यातलं काम. खुर्चीच्या चार पायांच्या जागा फरशीवर लाल ऑइलपेंटने आखलेल्या. पंखा बंद, कारण त्याची घरघर. खिडकी बंद, कारण रिक्षा. महिना मे, गाव डोंबिवली. भैरवी सुरू झाली तेव्हा मी इतका निथळत होतो की काकांना वाटलं, मी गहिवरलो.

"आता डोळे मिट आणि सांग," काका म्हणाले, "आवाज पेटीतून येतोय असं वाटतंय का?"

"नाही काका."

"मग कुठून?"

"त्या खिडकीच्या पलीकडून."

काकांनी मला मिठीच मारायची बाकी ठेवली. पेटी नाहीशी व्हावी आणि गायक समोर उभा राहावा, हीच म्हणे या शास्त्राची परमावधी. त्या दिवशी समोरच्या बिल्डिंगीत सत्यनारायणाची पूजा होती आणि तिथल्या कर्ण्यावर भजन चाललं होतं, हे मी काकांना आजतागायत सांगितलेलं नाही.

पण विषयाला धरून लिहायचं तर आधी खातेदाराची माहिती द्यायला हवी. उंची एक फूट, रुंदी साडेसात इंच, खोली साडेसहा इंच. घरच्या तांदळाच्या डब्याजवळ ठेवली तर डबा मोठा दिसेल. ही पेटी कुठल्या कंपनीने बाजारात खपावी म्हणून काढली नाही. ती बीबीसीच्या संशोधन विभागातल्या सरकारी वळणाच्या माणसांनी कचेरीच्या कामासाठी बनवली. स्टुडिओच्या ध्वनिरचनेचे छोटे नमुने करून त्यांच्यावर प्रयोग चालले होते, त्यासाठी एक चिमुकला स्पीकर लागला. तो इतका चांगला निघाला, की बाहेरगावच्या प्रक्षेपणाला जाणाऱ्या व्हॅनमध्ये बसवायला हाच बरा, असं ठरलं. नावातला ३ हा आकडा बाहेरच्या प्रक्षेपणाचा; स्टुडिओतल्यांना ५ मिळतो. म्हणजे ही पेटी जन्मानेच फिरतीवरची नोकरदार. पुढे आतल्या युनिटांमध्ये बदल झाले, आराखडा पुन्हा करावा लागला आणि शेपटीला 'ए' चिकटला. हारवुड, व्हॉटन आणि मिल्स या तिघांनी १९७६ साली तिच्यावर रीतसर अहवाल लिहिला. बीबीसीने पेट्या बनवायचा परवाना बाहेरच्या कंपन्यांना दिला. रॉजर्स, स्पेंडॉर वगैरे नावं त्यांतलीच. आतला पाच इंची वूफर आणि पाऊण इंची ट्वीटर मात्र सगळ्यांनी एकाच घरचा घ्यायचा, केंट परगण्यातल्या केईएफ कंपनीचा.

आता गुण. व्हॅनमधल्या माणसाला तबल्याची गाज नको होती. त्याला एवढंच कळायला हवं होतं, की मायक्रोफोनसमोर बोलणाऱ्याचा आवाज जसा आहे तसाच पलीकडे जातोय की नाही. त्यामुळे बीबीसीवाले स्पीकर पारखताना खरा माणूस बोलायला बसवायचे आणि त्याच्या आवाजाशी पेटीचा आवाज ताडून बघायचे. ही कसोटी मला फार आवडली. आमच्याकडेही चेकवरची सही खातेदाराच्या नमुन्याशीच ताडतात, सही सुंदर आहे का ते कुणी बघत नाही. माणसाचा आवाज ही या पेटीची खरी कमाई. गाणाऱ्याने सम गाठण्याआधी घेतलेला श्वास, निवेदिकेच्या 'श'मधली किंचित शीळ, हार्मोनियमच्या भात्याची उसासणारी चामडी, हे सगळं ती निमूटपणे समोर ठेवते.

आता दोष. समीक्षकाने दोष सांगितले नाहीत तर त्याला लोक नातेवाईक समजतात. पहिला दोष म्हणजे पेटीला खालचा आवाज फारसा निघत नाही. ८० हर्ट्झच्या आसपास ती हात टेकते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. याचा अर्थ खर्जाचा मूळ स्वर या पेटीतून जवळजवळ बाहेर पडत नाही. तरीही तो ऐकू येतो! कारण जव्हारीमुळे त्या तारेतून वरचे स्वरांश भरपूर निघतात, आणि वरचे हप्ते वेळेवर आले की मूळ मुद्दल आपला मेंदू स्वतःच्या पदरची टाकतो. शिवाय करणाऱ्यांनी सव्वाशे हर्ट्झच्या आसपास आवाजाला हलकासा उठाव दिला आहे, म्हणजे पोट भरल्यासारखं वाटतं. खालची रक्कम नसताना बेरीज जुळवणं याला आमच्याकडे चौकशी लागते. तिकडे त्याला डिझाइन म्हणतात.

दुसरा दोष खर्चिकपणा. मी विजेबद्दल बोलतोय, किमतीकडे नंतर येतो. एक वॅट दिला तर ही पेटी एक मीटरवर जेमतेम ८२-८३ डेसिबल आवाज देते. ८८-८९ डेसिबल देणाऱ्या साध्या पेटीला जेवढे वॅट पुरतात, त्याच्या चौपट हिला लागतात. आणि इतकं खाऊनही ती गणपतीच्या मांडवात नेली तर पहिल्या पाच मिनिटांत तिचा राम म्हणेल. मोठ्याने बोलणं तिच्या स्वभावातच नाही.

तिसरा दोष म्हणजे तिचे भक्त. या मंडळींमध्ये दोन पंथ आहेत. सुरुवातीची पेटी १५ ओहमची होती, १९८७च्या सुमारास आतलं सर्किट बदलून ती ११ ओहमची झाली. दोन्हींतला फरक दोन बायकांच्या आमटीइतका असेल. पण पंधरावाला अकरावाल्याच्या घरी पाणी पीत नाही. त्यानंतर तारांचा वाद. अँपपासून पेटीपर्यंतची तार कुणाची, किती जाड, तिच्यावर बाण कुठल्या दिशेला, यावर माणसं जेवढा पैसा घालतात, तेवढ्यात आमच्या सोसायटीचं वायरिंग नवं होईल. ट्वीटर २०,००० हर्ट्झपर्यंत जातो यावर तासभर बोलणाऱ्याचं स्वतःचं वय साठ असतं. माणसाच्या कानाची वरची हद्द वयाबरोबर खाली येते. पन्नाशीनंतर १२-१३ हजारांच्या पुढे बहुतेकांना गंमत उरत नाही. म्हणजे पेटीने धाडलेला वरचा माल पत्ता न सापडल्यामुळे परत जातो.

पण सगळ्यांत मोठी चूक ते करतात ती जागेची. व्हॅनमध्ये ठेवायला बनवलेली पेटी बंगल्याच्या हॉलमध्ये नेतात, खाली वाळू भरलेलं लोखंडी स्टँड देतात, आणि मग "बेस कमी पडतो हो" म्हणून हळहळतात. पोस्टकार्डावर कादंबरी लिहायला घ्यायची आणि जागा पुरत नाही म्हणून पोस्टखात्याला दोष द्यायचा, असला हा प्रकार.

हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण २०२४ साली काका चार महिन्यांसाठी मुलीकडे बंगळुरूला गेले आणि जाताना पेट्या, अँप आणि कॅसेट डेक माझ्या हवाली करून गेले. "बँकेत आहेस, लॉकरसारखं सांभाळ," म्हणाले. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा. त्यात दिवाण, टीव्ही, शिलाई मशीन आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल. पेट्या ठेवायला जागा म्हणून कपाटाशेजारची फळी रिकामी केली. सौ. म्हणाली, "अहो, एवढीशी पेटी आणि तिला लोखंडी स्टँड? टीव्हीला आपण बारा वर्षं स्टूलावर ठेवलाय." स्टँड गॅलरीत गेले आणि त्यांच्यावर कुंड्या बसल्या. सुर लावून बघितला आणि थक्क झालो. काकांकडे जो आवाज थोडा बारीक वाटायचा तो आमच्याकडे गोळीबंद! भिंत जवळ असली की खालच्या आवाजाला टेका मिळतो, आणि ऐकणारा चार फुटांवर असला की पेटीला ओरडावं लागत नाही. विलायतेच्या इंजिनीअरांनी व्हॅन म्हणून जी जागा डोळ्यांपुढे ठेवली होती, ती म्हणजे थेट डोंबिवलीतली आमची बाहेरची खोली. आयुष्यात पहिल्यांदा जागेच्या अडचणीचा अभिमान वाटला.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे वडिलांची एक कॅसेट आहे. १९८९ साली रेडिओवर नाट्यगीतं लागली होती, तेव्हा वडिलांनी टू-इन-वन नसल्यामुळे शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून रेडिओसमोर ठेवला आणि घरातल्या सगळ्यांना तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. मी दहा वर्षांचा. खोकला आला म्हणून मी संडासात जाऊन खोकून आलो होतो. आणि तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यात वडील स्वतःच म्हणाले, "अगं, दार लाव, वारा येतोय."

ती कॅसेट आम्ही पुढे साध्या टू-इन-वनवर असंख्य वेळा लावली. ते वाक्य आलं की आम्ही हसायचो. २००७ साली वडील गेले, त्यानंतर कॅसेट लावली की कुणी हसेना. आई "तुझे बाबा" एवढंच म्हणायची आणि भाजी निवडायला लागायची.

एका रविवारी सकाळी मी ती काकांच्या डेकवर घातली. आई आत पोळ्या करत होती. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. दारावरची बेल तिला तिसऱ्यांदा ऐकू येते. तिसरं गाणं आलं. वडील म्हणाले, "अगं, दार लाव, वारा येतोय."

आणि आतून आई म्हणाली, "लावलंय हो!"

मग आत पोळपाटाचा आवाज थांबला. गाणं चालू होतं. थोड्या वेळाने ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली आणि पेटीकडे न बघता दाराकडे बघत उभी राहिली. मी कॅसेट बंद करायला उठलो, तर हातानेच नको म्हणाली. गाणं संपल्यावर मी तो तुकडा एकट्याने पुन्हा ऐकला. वडिलांच्या वाक्यानंतर एक बारीक 'खट्' आहे. इतकी वर्षं ती मला टेपची खरखर वाटत होती. ती कडी होती. आईने तेव्हा न बोलता दार लावलं होतं, कारण बोलायला बंदी होती. उत्तर पस्तीस वर्षांनी दिलं.

समीक्षक म्हणून मी प्रामाणिक राहिलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी तोच तुकडा पुन्हा लावून बघितला. आई काही बोलली नाही. त्यामुळे चाचणी शास्त्रशुद्ध म्हणता येणार नाही. त्या दिवशी कुकरची शिट्टी नव्हती, खिडकी बंद होती, आईची तंद्री लागली असेल. पण साध्या यंत्रावर अठरा-वीस वर्षांत जे एकदाही घडलं नाही ते या पेटीवर पहिल्याच खेपेला घडलं, हेही नोंदवायला हवं. आवाज ओळखू येणं आणि आवाजाला उत्तर द्यावंसं वाटणं, यांत जेवढं अंतर आहे तेवढीच या पेटीची किंमत. ज्याच्याकडे उत्तर द्यावं असा आवाज नाही, त्याने स्टीलचा पेला वापरावा. माझी काही हरकत नाही.

काका परत आले ते कायमचं बंगळुरूला जायचं ठरवूनच. आज या पेट्या काही कंपन्या परवान्यावर नव्याने बनवतात, आणि नव्या जोडीची किंमत लाखांत जाते. काकांनी मला भाव सांगितला तो माझ्या दोन पगारांचा. मी हो-नाही करत घरी आलो. पगार अमुक, जामीन सौ., तारण सौ.चीच मुदत ठेव. आईला विचारलं. ती म्हणाली, "घे हवं तर. पण ती कॅसेट रोज लावू नकोस. एकदा सांगितलंय त्यांना."

पेट्या घेतल्या. कर्ज अजून फिटायचं आहे. कॅसेट कपाटात, साड्यांच्या खाली आहे. रोज संध्याकाळी नाट्यगीतं लावतो, आणि आम्ही सगळे चार फुटांवर बसून ऐकतो. रात्री झोपायच्या आधी आई उठते आणि दाराची कडी एकदा हात लावून बघते. पूर्वीही बघत असणार. मला ऐकू येत नव्हतं.