चंची, चिलीम आणि पाइप

दिवाळी अंकातल्या समीक्षेच्या पानांवर कादंबरीचा, नाटकाचा नाही तर नव्या कवितेचा विचार व्हावा, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा या रिवाजाविरुद्ध मी कुरकुर करण्याचे कारण नाही. परंतु घरच्या हातांनी घडवलेल्या वस्तूंकडे आपली समीक्षा ढुंकूनही पाहत नाही, ही गोष्ट मला खटकते. गोधडी असो, रांगोळी असो, की आकाशकंदील असो, ‘छान!’ म्हटले की आपण मोकळे! ‘छान’ हा समीक्षेचा शब्द नव्हे, टाळाटाळीचा शब्द आहे. वह्यांचा ढीग उपसणाऱ्या कोणत्याही मास्तराला त्याची किंमत ठाऊक असते.

म्हणून यंदा मी तीन वस्तू विचाराला घेतल्या आहेत: पाइप, चिलीम आणि चंची. तिन्ही तंबाखूच्या. मुलाबाळांत बसून वाचायच्या अंकात हा विषय कशाला, असा आक्षेप निघेल. तो रास्त आहे आणि त्याला उत्तर दिल्यावाचून मी लेख संपवणार नाही. पण आधी वस्तू पाहू.

बोरिवलीला आमच्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना स्वस्तातले पाइप आणून घरी नव्याने घडवण्याचा नाद आहे. कधी चोरबाजारातून एखादा जुना मिळतो, कधी शिसवीचा साधा नवा. स्वतः ते ओढत नाहीत. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन त्यांचे काम चालते. स्वस्त पाइपवर रोगणाचा जाड थर असतो. तो दुकानात चमकतो, पण पाइप तापू लागला की फुगतो आणि सुटतो. म्हणून पहिले काम रोगण खरवडण्याचे. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. हळूहळू लाकडातल्या रेषा वर येतात. मग मेण चोळून फडक्याने घासायचे. ओठांत धरायची दांडी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असेल, तर ती उजेडाने हिरवट-पिवळी पडलेली असते. तीही घासून काळी करावी लागते. ऊब दिली की ही दांडी मऊ होते आणि हवी तशी वाकते. मात्र वाकवण्यापूर्वी आतल्या भोकात लोकर गुंडाळलेली तार सारून ठेवायची, नाही तर बाक येतो आणि वाट बंद होते.

त्यांचे तीन पाइप मी बारकाईने पाहिले. पहिल्याच्या वाटीवर त्यांनी एका पगडीवाल्या सरदाराचा चेहरा कोरला आहे: पिळदार मिशा, गरुडासारखे नाक, कपाळावर आठ्या. दुसऱ्याच्या मानेवर पितळी कडे बसवले असून खाली दुरंगी दोरा गुंडाळला आहे. तिसऱ्यावर काहीच नाही. त्याचा फक्त भार कमी केला आहे, टेबलावर कलंडू नये म्हणून बूड सपाट केले आहे आणि जिथे अंगठा टेकतो तिथे एक उथळ खळगा घासून काढला आहे. तो पाहून त्यांची सून म्हणाली, “पण मामंजी, ह्यात तुम्ही केलंत काय?”

माझ्या मते हा तिसराच सर्वांत सरस. दुसरा त्याच्या जवळपास येतो. सरदार मात्र नापास.

गृहस्थ हिरमुसले. “मास्तर, त्याला पंधरा दिवस लागले हो!” म्हणाले. लागले असतील. श्रमाला गुण द्यावेत ते शाळेत. कलेत श्रम दिसू लागले की बहुधा काही तरी बिघडलेले असते. सरदाराचे डोळे खोल कोरताना वाटीची भिंत पातळ झाली. अशा वाटीत निखारा फुलला की ती हाताला चटका देणार. नाक नेमके अंगठ्याच्या वाटेत आले आहे. म्हणजे चेहरा पाइपवर आहे, पण पाइपचा नाही; तो नारळावर किंवा काठीच्या मुठीवर असता तरी काही फरक पडला नसता. कड्याची गोष्ट वेगळी. त्या पाइपची मान तडकली होती. तडा पसरू नये म्हणून ते कडे घातले. काळसर लाकडावर पिवळे पितळ उठून दिसते, हे खरे. पण ते तिथे उठून दिसण्यासाठी आलेले नाही. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या लयीत संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मानली. लाकूड आणि पितळ यांचा विरोध इथे गरजेतूनच समतोलाला पोचला आहे. सरदाराच्या पाइपात विरोध आहे आणि तिथेच सगळे थांबते.

वस्तू नटवणे निराळे आणि वस्तू आपलीशी करणे निराळे, हाच माझ्या लेखाचा मुद्दा आहे. नटवणारा वस्तूकडे पाहणाऱ्याच्या नजरेने बघतो. आपलीशी करणारा वापरणाऱ्याच्या हाताने. बाजारातून आणलेली स्वस्त वस्तू कोणाचीच नसते. ती कोणाची तरी व्हावी, हे घरच्या कारागिरीचे खरे काम.

नटवण्याची हौस तशी तंबाखूइतकीच जुनी. पोर्तुगीजांबरोबर ही वनस्पती आपल्या किनाऱ्यावर आली आणि दख्खनेत रुजली. अकबराच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या दरबारचा असद बेग विजापूरला वकिलीवर गेला होता. तिथे त्याला तंबाखू भेटली. परत जाऊन त्याने ती बादशहापुढे ठेवली, पण साध्या नळीसकट नव्हे. त्याच्या हकिकतीत रत्नजडित नळी आहे, तिच्या टोकांवरची मीनाकारी आहे, ओठांशी लावलेला यमनी अकीक आहे. बादशहाने झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, दरबारात वाद झाला. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली; नळी मात्र नटतच राहिली. त्या रत्नांनी धूर काही निराळा झाला नसेल. ती रत्ने ओढणाऱ्यासाठी नव्हतीच, बघणाऱ्यांसाठी होती. आमच्या शेजाऱ्यांचा सरदार याच घराण्यातला!

आता चिलीम पाहा. कुंभाराने चाकावर ओढलेली, भाजलेल्या मातीची, वर रुंद आणि खाली निमुळती नळी. तिला दांडी नाही, बाक नाही. आत एक खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू खाली घसरत नाही आणि धुराला कडेने वाट राहते. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, म्हणजे धूर निवतो, राख ओठांशी येत नाही आणि मातीचा चटका बसत नाही. उरलेली दांडी म्हणजे ओढणाऱ्याची मूठ! माणसाचा हातच वस्तूचा भाग करून टाकणारी इतकी काटकसरी रचना मी दुसरी पाहिलेली नाही. शिर्डीला साईबाबांच्या वापरातल्या चिलमी जतन केल्या आहेत. त्या मातीच्या आहेत. ज्यांना सोन्याची घडवून द्यायला भक्त तयार झाले असते, त्यांच्या हातीही मातीच राहिली, ही गोष्ट चिलमीच्या घडणीबद्दल बरेच काही सांगते.

आणि चंची? नव्या वाचकांसाठी सांगायला हवे: चंची म्हणजे पान, सुपारी, कात, चुना आणि तंबाखू यांसाठी निरनिराळे कप्पे असलेली कापडी पिशवी. गुंडाळायची, नाडीने बांधायची आणि कनवटीला खोचायची. चिलीम कुंभाराची, पाइप कारखान्याचा. चंची मात्र घरात शिवली जाई, उरल्यासुरल्या चिंध्यांतून, आणि बहुधा बाईच्या हातून.

माझ्या आजीने आजोबांसाठी शिवलेली चंची माझ्यापाशी आहे. बाहेरून निळ्या खणाचा तुकडा, आतून जुन्या धोतराचे अस्तर, कडेने तांबडा गोट. कप्पे पाच. पानाचा सर्वांत रुंद, कारण पान मोडले की वाया गेले. चुन्याच्या डबीचा कप्पा अगदी कडेला आणि दुहेरी कापडाचा, कारण चुना सांडला तर कापड खातो. तंबाखूचा सर्वांत खोल, म्हणजे चंची उलटी झाली तरी भुगा सांडू नये. नाडीच्या टोकाला एक कवडी. ती शोभेची असेल असे मला पुष्कळ वर्षे वाटे. आत्याने सांगितले तेव्हा कळले: आजोबा पहाटे अंधारात मोटेवर जायचे, नाडीचे टोक बोटांना चटकन सापडावे म्हणून ती कवडी. इथे शोभा आणि सोय यांच्यात सांधा शोधूनही सापडत नाही. शिवणारीने नुसती चंची शिवलेली नाही. एका माणसाच्या बोटांची सवय शिवली आहे. शेजाऱ्यांचा तिसरा पाइप मला का आवडला, ते या चंचीवरून कळेल. अंगठ्याचा खळगा आणि ही कवडी एकाच जातीची.

आता तो आक्षेप. तो मला दुसऱ्या कोणी नव्हे, आत्यानेच घेतला. “बाळ, त्या चंचीनंच तुझ्या आजोबांना नेलं. ती कसली जपून ठेवतोस? चुलीत घाल.” आजोबांना गालाच्या आतून चट्टा उठला, तो चिघळला आणि वर्षभरात ते गेले. शेवटी त्यांना तोंड उघडून घासही घेता येत नव्हता. म्हणजे मी जिचे गुण गातो आहे, त्या शिवणकामाने विष अधिक हाताशी आणून ठेवले. कवडीने अंधारात बोटांना वाट दाखवली ती त्याच विषाकडे.

फडके आणि खांडेकर यांच्यात कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद गाजला, तो आपण पुस्तकांपुरता समजतो. पण घरातली एक चंची तो पुन्हा उभा करते. पहिला पक्ष म्हणेल, टाके पाहा, तंबाखू विसरा. दुसरा म्हणेल, तंबाखू पाहा, टाके जाळा. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. टाके विसरलो तर आजीचे आयुष्य विसरलो. तंबाखू विसरलो तर आजोबांचे मरण. चंची चांगली शिवलेली आहे आणि ती वाईट कामी आली आहे, ही दोन्ही विधाने समीक्षकाला एका दमात करता आली पाहिजेत. माणसाची काळजी घेणारा हातच कधी कधी त्याच्या घाताची सोय करून देतो, हे सांगायला कादंबरीकाराला तीनशे पाने लागतात. ही चंची ते वीतभर कापडात सांगते.

काळाने या प्रश्नाचा एक भाग सोडवला, एक बिघडवला. १९४१ पासून परळचे टाटा स्मारक रुग्णालय कर्करोगाशी झुंजते आहे. २००८ सालच्या २ ऑक्टोबरपासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे. २०१२ साली आपल्या राज्याने गुटख्यावर बंदी घातली. योग्यच झाले. परंतु चंची काही या कायद्यांनी गेली नाही. तिला त्याआधीच चकचकीत पुडीने घालवले. पुडीत विष तेच, आणि टाका एकही नाही. ती कोणी कोणासाठी शिवलेली नसते. फाडायची आणि फेकायची. चंचीतली तंबाखू काही कमी मारक नव्हती. पण गेले ते शिवणकाम आणि राहिले ते विष, हा व्यवहार उलटा झाला.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहण्यासारखे आहेत. दिनकर केळकर स्वतः ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारे कवी. १९२०च्या सुमारास त्यांनी घरोघरच्या जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला. कवीच्या नजरेला जे दिसले, ते समीक्षकांच्या नजरेतून निसटले होते. पण अडकित्ता धातूचा, म्हणून टिकतो. चंची कापडाची. कातचुन्याच्या डागांनी ती कुजते, आणि कुजली की घरचेच तिला पायपुसण्यात घालतात. म्हणून तिची पारख संग्रहालयाआधी घरीच व्हायला हवी.

दिवाळीच्या साफसफाईत कोणाच्या माळ्यावर अशी एखादी चंची सापडली, तर टाकण्यापूर्वी ती उलगडून पाहावी. कप्पे मोजावेत. कोणता खोल, कोणता दुहेरी, ते बघावे आणि ती कोणी कोणासाठी शिवली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. आत उरलीसुरली तंबाखू असेल, ती मात्र मुलांच्या देखत झटकून टाकावी, आणि का झटकली तेही त्यांना सांगावे.