दुसऱ्याच्या खांद्यावरील बंदूक

पावणेदोनशें वर्षांपूर्वींचा इंग्रजी इतिहासग्रंथ आज पुन्हां काढून त्यावर चार पानें लिहावयाचीं म्हणजे कांहीं निमित्त सांगितलें पाहिजे. ता. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं काबूल पडलें. वीस वर्षें अमेरिकेनें पैसा, शस्त्रें व कवाईत देऊन उभी केलेली अफगाण फौज थोड्या दिवसांत विरून गेली. आणि इतक्या लवकर असें होईल हें कोणास ठाऊक होतें, असा उद्गार वॉशिंग्टनांतील मोठमोठ्या अधिकाऱ्यांनीं काढला. तो ऐकून आम्हांस सर जॉन विल्यम के यांच्या 'अफगाणिस्तानांतील युद्धाचा इतिहास' या ग्रंथाची आठवण झाली. विद्यार्थिदशेंत आम्हीं तो घाईघाईनें चाळला होता, आणि लढायांखेरीज त्यांतील कांहींहि आमच्या ध्यानांत राहिलें नव्हतें. या खेपेस लढायांचीं प्रकरणें भराभर उलटलीं, आणि ज्या प्रकरणांत एकहि गोळी सुटत नाहीं, नुसते खलिते जातात आणि येतात, तेथें थांबलों. ग्रंथाचा खरा विषय तेथें आहे. तो असा कीं, ज्यांना ठाऊक असावयास हवें होतें त्या बहुतेकांना ठाऊक होतें, आणि तरीहि तें घडलें.

के साहेब हे बंगालच्या तोफखान्यांतील अधिकारी. पुढें त्यांनीं लष्कर सोडून लेखणी धरली, १८४४ सालीं 'कलकत्ता रिव्ह्यू' काढला आणि १८५१ सालीं हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला. पुढील आवृत्त्यांत त्याचे तीन भाग झाले. युद्ध संपून तेव्हां नऊच वर्षें झालीं होतीं. कारभाऱ्यांपैकीं कित्येक हयात होते. जे मेले होते त्यांचीं खासगी पत्रें के साहेबांच्या हातीं आलीं होतीं, आणि सरकारनें छापलेल्या कागदांशीं तीं ताडून पाहण्याची सोय त्यांना झाली. या ताडून पाहण्यांतच ग्रंथाचें सारें सत्त्व आहे. शैली म्हणाल तर ती जड आहे. वक्तृत्वाचा सोस फार. एकच धिक्कार तीन वाक्यांत तीनदां करावयाचा हा त्या काळचा दोष त्यांतहि आहे. पण कागद पुढें ठेवतांना ते गप्प बसतात, आणि तेथें ते मोठे इतिहासकार ठरतात.

प्रकरण असें. १८३७ च्या अखेरीस इराणच्या शाहानें हेरातेस वेढा घातला होता, व त्याच्या पाठीशीं रशिया आहे अशी इंग्रजांची समजूत होती. काबूलचा अमीर दोस्त महंमद याला इंग्रजांची मैत्री हवी होती. मात्र रणजितसिंगानें घेतलेलें पेशावर परत मिळविण्यास त्यांनीं साह्य करावें अशी त्याची अपेक्षा होती. त्याच्या दरबारीं गेलेला अलेक्झांडर बर्न्स हा तरुण वकील परोपरीनें लिहीत होता कीं, हा मनुष्य समर्थ आहे, याच्याशीं जुळवून घ्यावें. त्याचीं पत्रें लुधियान्यास कॅप्टन वेड यांच्या हातून जात, आणि वेड साहेब आपलें उलट मत जोडून तीं पुढें पाठवीत. लुधियान्यासच शाह शुजा हा पदच्युत राजा कंपनीचें पेन्शन खात बसला होता. १८०९ सालीं त्याचें राज्य गेलें. १८१३ सालीं कोहिनूर रणजितसिंगाच्या स्वाधीन करावा लागला. १८३४ सालीं राज्य परत घेण्यासाठीं कंदाहारापर्यंत गेला, तेथून दोस्त महंमदानें त्याला पिटाळून लावलें. ज्याला त्याच्या देशानें असा पुन्हां पुन्हां नाकारला, त्यालाच काबूलच्या गादीवर बसवावें असें १८३८ च्या उन्हाळ्यांत शिमल्यास ठरलें.

शिमल्यास ठरलें म्हणजे कोणीं ठरविलें? गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंड स्वभावानें सौम्य व अनिश्चयी. त्यांचें कौन्सिल दूर कलकत्त्यास. आणि भोंवतीं तिघे चिटणीस, मॅकनॉटन, कॉल्विन व टॉरेन्स. तिघेहि हुशार. मॅकनॉटन तर अरबी-फारसीचा गाढा पंडित व धर्मशास्त्रावरील ग्रंथांचा कर्ता. 'अरबी सुरस गोष्टीं'ची मूळ संहिता कलकत्त्यास १८३९ पासून याच्याच नांवानें छापून निघूं लागली, आणि टॉरेन्सनें त्याच गोष्टींच्या पहिल्या पन्नास रात्रींचें इंग्रजी भाषांतर १८३८ सालीं प्रसिद्ध केलें. कृष्णशास्त्री चिपळुणकरांच्या मराठींतून आमच्या वाचकांनीं या गोष्टींचा आस्वाद घेतला आहे. त्यांत फकिराचा बादशहा होणें हें एका रात्रीचें काम असतें! विनोद बाजूस ठेवूं. पुस्तकी विद्वत्तेस आम्ही कमी लेखीत नाहीं. आमचें पोट तिच्यावरच चालतें. पण या तिघांपैकीं एकानेंहि काबूल पाहिलें नव्हतें, आणि ज्यानें पाहिलें होतें त्याचें मत त्यांना नको होतें. भाषा येते म्हणून देश कळतो, हा भ्रम निरक्षरास होत नाहीं. तो आमच्यासारख्यांसच होतो.

आतां मूळ बेत पाहा. २६ जून १८३८ रोजीं रणजितसिंग, शाह शुजा व इंग्रज यांचा तह झाला. त्या वेळची कल्पना अशी कीं, शुजानें आपली फौज घेऊन जावें, रणजितसिंगानें त्याला जोर द्यावा, आणि इंग्रजांनीं पैसा व कांहीं अधिकारी पुरवावे. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडण्याचा हा प्रकार होता. परंतु शीख सैन्य अफगाण डोंगरांत खोल शिरण्यास राजी नव्हतें, आणि शुजाची फौज म्हणजे इंग्रजी पैशानें, इंग्रज अधिकाऱ्यांनीं, हिंदुस्थानांत घाईनें भरती केलेली माणसें. खांदा पुरेसा भक्कम नाहीं हें दिसून आलें, तेव्हां बेत सोडावयाचा कीं खांद्याला आपण टेकू द्यावयाचा? टेकू देण्याचें ठरलें. कांहीं महिन्यांत बंगालची सुमारें साडेनऊ हजार आणि मुंबईची सुमारें साडेपांच हजार फौज निघाली. बंगालच्या फौजेबरोबर अडतीस हजार बाजारबुणगे आणि तीस हजार उंट होते. तरीहि १ ऑक्टोबर १८३८ च्या जाहीरनाम्यांत म्हटलें होतें तें असें कीं, शुजा आपल्याच फौजेनिशीं स्वदेशीं जाईल आणि त्याचें आसन स्थिर होतांच इंग्रज माघारी येतील. हेरातचा वेढा त्याआधींच, सप्टेंबरांत, उठला होता. ती बातमी पोंचल्यावरहि ८ नोव्हेंबरच्या हुकुमानें मोहीम चालूच राहिली. कारण नाहींसें झालें, कार्य मात्र राहिलें.

महाराष्ट्रीय वाचकांस येथें रघुनाथरावाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. मुंबईकर इंग्रजांनीं त्याला पुण्याच्या गादीवर बसविण्याचा घाट घातला, तेव्हांहि सांगणें हेंच होतें कीं, दादासाहेब घाट चढून आले म्हणजे सरदार आपण होऊन त्यांना मिळतील. सरदार मिळाले नाहींत, आणि जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास इंग्रजी फौजेला मान खालीं घालून तह करावा लागला. साठ वर्षांपूर्वींचा हा धडा कंपनीच्या स्वतःच्याच दप्तरांत पडलेला होता.

आम्हांस ग्रंथांतील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटला तो शुजाचा नव्हे, मॅकनॉटनचाहि नव्हे; तो बर्न्सचा. काबूलहून हात हलवीत परतल्यावर त्याला मत विचारण्यांत आलें. जून १८३८ च्या आपल्या उत्तरांत त्यानें दोस्त महंमदाची तरफदारी केलीच. पण त्याच पत्रांत पुढें लिहिलें कीं, सरकारास तो नकोच असेल तर शुजाहि चालेल, त्याच्याबरोबर मानाचा लवाजमा म्हणून दोन पलटणी पेशावरास पाठविल्या आणि सरकार त्याच्या पाठीशीं आहे हें जाहीर केलें म्हणजे काम होईल. ज्यानें काबूल पाहिलें होतें, ज्याला शुजाची किंमत ठाऊक होती, त्यानें हें लिहावें! लवकरच तो सर अलेक्झांडर बर्न्स झाला. के साहेबांनीं त्याच्यावर दया केली आहे, आणि ती अस्थानीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तेहतीस वर्षांच्या मनुष्यानें एकट्यानें शिमल्याशीं किती भांडावें? पण अज्ञ मंत्री जितकी हानि करूं शकत नाहींत तितकी 'माझें मत वेगळें आहे, परंतु आपली इच्छाच असेल तर' असें म्हणणारा जाणकार करतो. त्याच्या 'परंतु'नंतरचें तेवढें वाचलें जातें.

आणि अक्षरशः तसेंच झालें. १८३९ सालीं पार्लमेंटपुढें जे कागद ठेवले त्यांत बर्न्सचीं पत्रें छापलीं होतीं, पण कापून. दोस्त महंमदाच्या बाजूचे मजकूर गाळले, विरुद्ध अर्थाचे ठेवले; परिणामीं वाचणारास असें वाटावें कीं, युद्धाचा सल्ला बर्न्सचाच. के साहेबांनीं मूळ पत्रांशीं ताडून हें उघड केलें, आणि या ठिकाणीं त्यांचा संताप आम्हांस मुळींच अतिशयोक्त वाटत नाहीं. शत्रूच्या दूताला फसविणें ही मुत्सद्देगिरी म्हणतां येईल. आपल्याच पार्लमेंटाला आपल्याच वकिलाचें पत्र खोटें करून दाखविणें याला दुसरें नांव आहे.

दरबाराबाहेर मात्र स्पष्ट बोलणारे होते. वेलिंग्टन, वेलस्ली, बेंटिंक, मेटकाफ यांपैकीं कोणालाहि ही मसलत पसंत नव्हती, आणि हे कांहीं भाबडे शांतिवादी नव्हते. पण सर्वांत मार्मिक पत्र मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचें, आणि तें बर्न्सलाच लिहिलेलें आहे. पुण्याचे रेसिडेंट व मुंबईचे गव्हर्नर म्हणून आपल्याकडे प्रसिद्ध असलेले हे गृहस्थ १८०९ सालीं पेशावरास शाह शुजाच्याच दरबारीं वकील म्हणून गेले होते, व काबूलच्या राज्यावर त्यांनीं १८१५ सालीं मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यांचें म्हणणें असें कीं, फौजेला खाऊं घालतां आलें तर काबूल तुम्ही घ्याल व शुजाला बसवालहि. पण त्या दरिद्री, थंड, दुर्गम देशांत, तसल्या दांडग्या लोकांत, त्याला टिकवून धरण्याची आशा दिसत नाहीं. युद्ध हराल असें त्यांनीं म्हटलें नाहीं. जिंकाल असें म्हटलें, आणि जिंकल्यानंतरचें संकट दाखविलें.

शब्दशः तसेंच घडलें. जुलै १८३९ मध्यें गझनी पडलें, ऑगस्टांत शुजा काबुलांत शिरला, आणि रस्त्यांत जयजयकार झाला नाहीं. येथून पुढें कोंडी सुरू झाली. फौज काढावी तर राजा पडतो. ठेवावी तर तो फिरंग्यांचा राजा ठरून अधिकच अप्रिय होतो. दुबळ्या बगलबच्च्याला दुबळेपणामुळेंच धन्यावर केवढी सत्ता मिळते हेंहि येथें पाहावें. फौजेला राहण्यास बाला हिसार हा किल्ला योग्य, हें उघड होतें. शुजा म्हणाला, माझ्या जनान्याची गैरसोय होईल, लोकांत माझी शोभा जाईल. मॅकनॉटननें तें मानलें, आणि राजाची शोभा राखण्यासाठीं छावणी शहराबाहेर उघड्या मैदानांत, टेकड्यांच्या पायथ्याशीं बांधली गेली. पुढें खर्च डोईजड झाला, तेव्हां काटकसर केली ती घिलजाई टोळ्यांना खिंडी मोकळ्या ठेवण्याबद्दल मिळणाऱ्या तनख्यांत. टोळ्यांनीं खिंडी बंद केल्या. त्यापूर्वीं थोडेच महिने मॅकनॉटन देशभर शांतता असल्याचें लिहीत होता. मुंबईच्या गव्हर्नरपदावर त्याची नेमणूक झाली होती, आणि सामानाची बांधाबांध चालली होती. २ नोव्हेंबर १८४१ रोजीं बर्न्स मारला गेला, २३ डिसेंबरला मॅकनॉटन. ६ जानेवारी १८४२ रोजीं साडेचार हजार सैनिक व सुमारें बारा हजार बाजारबुणगे बर्फांतून परत निघाले. १३ तारखेस जलालाबादेस डॉक्टर ब्रायडन तेवढा पोंचला. एप्रिलांत शुजाचा खून झाला. १८४३ सालीं दोस्त महंमद काबुलास परत आला, तो १८६३ पर्यंत राज्य करीत राहिला.

ग्रंथाचा मोठा दोष शेवटीं येतो. अन्यायाच्या मसलतीला ईश्वरानें शासन केलें, असा निर्वाळा देऊन के साहेब लेखणी ठेवतात. आम्हांस हा समारोप पटत नाहीं. ईश्वरी कोपाचें कारण दिलें कीं शिमल्याच्या कचेरीची झडती थांबते. शिवाय शासन कोणास झालें? लॉर्ड ऑकलंड सुखरूप विलायतेस गेले. खर्च हिंदुस्थानच्या खजिन्यावर पडला. आणि मेले ते बहुतांशीं हिंदी शिपाई, भिस्ती, मोतद्दार व त्यांचीं बायकामुलें. त्यांची गणती ग्रंथांत आहे, कथा नाहीं. बर्फानें हातपाय गेलेले कांहीं शिपाई पुढें काबुलांत भीक मागतांना आढळले, यावर मॅकनॉटनच्या मनःस्थितीला मिळाली तितकीं पानें मिळाव्यास हवीं होतीं. मुंबईच्या फौजेंतील पूना हॉर्स या रिसाल्याच्या मानचिन्हांत 'गझनी १८३९' हें नांव आहे. ही फौज बहुतांशीं त्याच सालीं माघारी निघाली म्हणून वांचली, इतकेंच.

अफगाणांची बाजू तर के साहेबांना जवळजवळ ऐकूंच आली नाहीं. ती उणीव एकविसाव्या शतकांत विल्यम डालरिंपल यांच्या 'रिटर्न ऑफ अ किंग' या ग्रंथानें पुष्कळशी भरून काढली. शुजाच्या स्वतःच्या आठवणी व त्या काळचीं फारसी काव्यें वापरून त्यांनीं दाखविलें आहे कीं, हा निव्वळ बाहुला नव्हता, मानी व चिकट मनुष्य होता. म्हणजे बेत फसला तो बाहुला वाईट निवडला म्हणून नव्हे, ही गोष्ट अधिकच ठसते.

के साहेबांच्या ग्रंथाचा परिणाम काय झाला? १८५९ सालीं बर्न्सचीं पत्रें अधिक पूर्ण स्वरूपांत छापावीं लागलीं, आणि १८६१ सालीं काटछाटीची चौकशी व्हावी असा ठराव कॉमन्स सभेंत आला. युद्धाच्या वेळीं परराष्ट्रमंत्री असलेले पामर्स्टन तेव्हां मुख्य प्रधान होते. ठराव नापास झाला. त्या दिवसांत के साहेब लंडनास इंडिया ऑफिसांत होते. राजकीय व गुप्त खात्याचे चिटणीस म्हणून.