२०० तासांचा योगशिक्षक

योगाचे बाजारीकरण झाले ही तक्रार जुनी आहे. तिचा रोख बहुधा महागड्या चटयांवर आणि परदेशी स्टुडिओंवर असतो. पण महाग चटईने कोणाची मान आखडत नाही. चुकीच्या शीर्षासनाने आखडते. म्हणून या टिपणात योगशिक्षक कसा तयार होतो आणि तो तयार झाला हे कोण ठरवतो, एवढेच पाहू. पदवीचा अभ्यास करता करता हे प्रमाणपत्र घेऊन चार पैसे मिळवावेत असा विचार तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल, म्हणून हा विषय तुमच्याही कामाचा आहे.

जगभर आज या शिक्षणाचे माप आहे २०० तास. ते रूढ केले ‘योगा अलायन्स’ या अमेरिकी संस्थेने. तिची स्थापना १९९९ची. ही संस्था प्रत्येक शिक्षकाची स्वतः परीक्षा घेत नाही. ती शाळांची नोंदणी करते. नोंदणीकृत शाळेने प्रमाणपत्र दिले आणि शुल्क भरले, की शिक्षकाचे नाव यादीत येते. ऋषिकेश किंवा गोव्यात हे २०० तास साधारण चार आठवड्यांत उरकतात, म्हणजे दिवसाला सात-आठ तास.

आपल्या परिचयाच्या हिशेबात हे किती होतात? विद्यापीठात व्याख्यानाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. प्रात्यक्षिकाला ३० तास लागतात. २०० तास सगळे व्याख्यानाचे धरले तरी जेमतेम १३ क्रेडिट होतात, आणि प्रात्यक्षिकाचे धरले तर सातही भरत नाहीत. बी. टेक.च्या एका सत्रात तुम्ही सुमारे २० क्रेडिट घेता. एका सत्रानंतर तुम्हाला कोणी पूल बांधायला देत नाही.

अर्थात तास कमी हा खरा दोष नव्हे. उद्या ते ५०० केले तरी मूळ दुखणे राहील. ज्या शाळेने शुल्क घेतले, तीच शिकवते आणि तीच ‘उत्तीर्ण’ म्हणते. विद्यार्थ्याला नापास करणे म्हणजे गिऱ्हाईक परत पाठवणे. ते कोणाला परवडेल? बांधकामावर काँक्रीट ओतताना १५० मिलीमीटरचे ठोकळे भरतात, ते २८ दिवस पाण्यात ठेवतात आणि यंत्रात दाबून फोडतात. कंत्राटदाराने ‘माझा ठोकळा पक्का आहे’ असे लिहून दिलेले चालत नाही. (चार आठवडे म्हणजे २८ दिवसच. पण काँक्रीटचा निदान ठोकळा तरी फुटतो.)

आणखी एक आर्थिक कारण आहे. रोजच्या वर्गातून स्टुडिओचे भाडेही धड सुटत नाही. शिक्षक-प्रशिक्षणाचे शुल्क मात्र एकरकमी येते. मग चांगल्या विद्यार्थ्याला ‘आणखी पाच वर्षे साधना कर’ असे सांगण्याऐवजी ‘तू आता शिक्षक हो’ असे सांगितले जाते. शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणारे वाढतात, आणि त्या शिक्षकांनाही पुढे प्रशिक्षणच विकावे लागते.

यावर ‘पूर्वीची गुरुपरंपरा शुद्ध होती’ हे उत्तर पुरेसे नाही. आधुनिक योगशिक्षणाचा पाया बराचसा महाराष्ट्रात घातला गेला, आणि तो घालणाऱ्यांनी संस्थाच काढल्या. श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली. त्यांचे गुरुबंधू स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती उतरतो हे त्यांनी उपकरण लावून मोजले. गुरू सांगतो म्हणून खरे, एवढ्यावर ते थांबले नाहीत.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले, तेही शिकवून पोट भरायला. पैसे घेणे हा दोष नाही, हे यावरून दिसावे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढांच्या वर्गांत त्यांची पद्धत स्वीकारली. सार्वजनिक पैशातून शिक्षक नेमायचे तर ते पात्र असल्याची खात्री हवी, म्हणून प्रमाणपत्राची गरज पडली. पुढे त्या परंपरेत आधी काही वर्षे नुसते विद्यार्थी राहायचे आणि परीक्षा ज्येष्ठ शिक्षकांच्या मंडळासमोर द्यायची, अशी रीत पडली. तीही निर्दोष नाही. परीक्षक त्याच घराण्याचे असल्याने वेगळे बोलणारा अडतो. तरी निदान माल विकणारा आणि तो तपासणारा वेगळे ठेवण्याचा प्रयत्न तिथे दिसतो.

मी शिकवतो त्या तंजावरात शरीराने शिकायच्या आणखी एका विद्येची अशीच कथा आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) दरबाराशी संबंधित चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी नृत्याचे अडवु आणि सादरीकरणाचा क्रम बसवून दिला. स्वतः सरफोजींनी या नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. या परंपरेतल्या नट्टुवनारासमोर शिष्याची खरी कसोटी अरंगेट्रम, म्हणजे जाणकारांपुढचे पहिले सादरीकरण. आज ते पुष्कळदा घरचे कार्य झाले आहे: सभागृहाचे भाडे पालक देतात, प्रेक्षक पाहुणे असतात, आणि नापास कोणीच होत नाही. नाव कसोटीचे राहिले, कसोटी उरली नाही. योगाचे २०० तास त्याच वाटेवर आहेत.

आपल्या सरकारची भूमिका दुहेरी आहे. २०१५च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरासाठी योगाला धर्मादाय कार्यांत स्थान दिले. उलट २०२४च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजली योगपीठ न्यासाच्या शिबिरांच्या प्रवेशशुल्कावर सेवाकर लागतो, हा न्यायाधिकरणाचा निर्णय कायम ठेवला. न्यायाधिकरणाचे म्हणणे असे होते की सगळ्या समुदायाला एकदम दिलेल्या सूचना म्हणजे व्यक्तीच्या आजारावरचा उपचार नव्हे. हे वाक्य कराच्या वादातले असले तरी ते मला योगशिक्षणावरची उत्तम टीका वाटते. शिक्षक एकेकाला पाहतो. शिबीर गर्दीला पाहते.

आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाने (२०१८) लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली, हे योग्य झाले. मात्र तिथेही पायऱ्या २००, ४०० आणि ८०० तासांच्याच आहेत, आणि खालची पायरी सर्वांत सोयीची असल्याने गर्दी तिथेच होणार. तुम्ही असा अभ्यासक्रम घेणार असाल तर शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला दोन गोष्टी विचारा. परीक्षक संस्थेबाहेरचे आहेत का? आणि गेल्या तुकडीत किती जण नापास झाले? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस अभिमानाने ‘एकही नाही’ म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.