भाव कळतो, थांबता येत नाही

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. हिंगोली, वसमत, सांगलीच्या बाजारातले हळदीचे भाव रोज संध्याकाळी अण्णांच्या व्हॉट्सॲपवर जायचे. तरी त्या मार्चमध्ये त्यांनी हळद निघाली तशी विकली. चार महिन्यांनी भाव चढला. मी चिडलो. ते एवढंच म्हणाले, "भाव मला म्हाईत नव्हता का? थांबायला पैसा लागतो."

त्यानंतर मी महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (1883) पुन्हा वाचला. पहिल्या वाचनात तो नुसता संताप वाटला होता. या वेळी दिसली ती लुटीची यंत्रणा. ही लूट तलवारीने होत नाही. ती कागदावर होते, कचेरीच्या दारात होते, जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींच्या दक्षिणेत होते. रक्कम दरवेळी थोडी, पण घेणारा ठरलेला आणि देणाराही. चौथ्या प्रकरणात एक कर्जबाजारी शेतकरी स्वतःशीच बोलतो, आणि मग फुले आपल्याला शेतकऱ्याच्या घरात नेतात. अर्थव्यवस्था म्हणजे काय, ते तिथे कळतं.

आपण मात्र फुल्यांचा एकच उपाय लक्षात ठेवला: शिक्षण. आमच्या घरात तो झाला. मी शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो. पण हळद विकायची वेळ बदलली नाही. मार्चअखेर पीककर्जाचं नवं-जुनं करायचं असतं, काढणीची मजुरी असते, हळद शिजवणाऱ्या कुकरचं भाडं असतं. तेव्हा माझी फीसुद्धा होती. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे गोदाम आहे, तो थांबू शकतो. भावाची बातमी दोघांच्याही मोबाइलवर सारखीच येते, पण थांबायची ताकद सारखी नाही. बाजारातली सत्ता या फरकात आहे.

फुल्यांना हे दिसलं होतं. पाचव्या प्रकरणात ते सरकारला सांगतात: फाजील शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, पाणी जमिनीत मुरू द्या, तलावातला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा नेऊ द्या. म्हणजे विद्येसोबत ऐपतही द्या. शाळेच्या भिंतीवर हा भाग कुणी रंगवत नाही. आजची शेतमाल तारण योजना याच वाटेवरची आहे. बाजार समितीच्या गोदामात हळद ठेवायची, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, भाव आला की विकायचं. शेतकऱ्याला थांबता यावं म्हणूनच ती आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण मानांकनाने मार्चअखेर पुढे सरकत नाही.

'असूडा'ची एक मर्यादाही या वाचनात जाणवली. त्याचा रोख जमीन कसणाऱ्यावर आहे. दुसऱ्याच्या रानात रोजाने राबणारी बाई त्यात मागे राहते. आमच्या शेतात हळद वेचायला गावातल्या बायका येतात. त्यांच्याकडे थांबवून ठेवायला हळदही नसते. ज्या वर्षी आमचा हात आखडलेला असतो, त्या वर्षी अण्णा त्यांना सांगतात, "हळद विकली की देतो." मीही ते ऐकलंय आणि गप्प बसलोय. बाजारात आम्हाला थांबता येत नाही म्हणून मी चिडतो, आणि घरी आम्हीच त्यांना थांबायला लावतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या मजुरीचा रकाना नव्हता.