ॲनिमे मालिकांचे शीर्षकसंगीत

जपानी सचेतनपटांना ॲनिमे म्हणतात. अशा मालिकेच्या प्रत्येक भागाच्या आरंभी व अखेरीस वाजणारी, साधारणतः दीड मिनिटाची गीते म्हणजे तिचे शीर्षकसंगीत होय. पात्राचा परिचय करून देणे, हे त्याचे उघड कार्य. परदेशी कथेतील पात्र प्रेक्षकाच्या घरचे करून घेणे, हे त्याचे दुसरे व अधिक महत्त्वाचे कार्य आहे. मात्र या आपलेपणात पात्राची मूळ भूमी अनेकदा पुसली जाते.

या गीतांना जपानमध्ये आरंभापासूनच वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभली. ओसामू तेझुका (१९२८–८९) यांच्या ॲस्ट्रो बॉय या १९६३ मधील मालिकेचे गीत शुंतारो तानिकावा (१९३१–२०२४) या मान्यवर कवीने लिहिले होते.

इटालियन पात्राचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७६ ची, ५२ भागांची मार्कोची मालिका. एदमोंदो दे आमीचीस (१८४६–१९०८) याच्या कुओरे (१८८६) या पुस्तकातील एका छोट्या कथेवर ती आधारलेली आहे. जेनोआचा मुलगा अर्जेंटिनात मोलमजुरीस गेलेल्या आईच्या शोधार्थ निघतो, हे तिचे कथासूत्र. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता (१९३५–२०१८) यांनी जेनोआच्या पायऱ्या व अरुंद गल्ल्या बारकाईने उभ्या केल्या. आरंभगीत मात्र मार्कोला ‘गवताळ प्रदेशाचा’ म्हणून संबोधते. म्हणजे ते त्याच्या घराचे नसून त्याच्या वाटेचे गीत आहे. स्थलांतराची व्यथा हा विषय असल्याने ही निवड समर्पक ठरते.

इटलीत याच्या उलट प्रक्रिया घडली. १९७८ पासून हायडी, ग्रेंडायझर इ. जपानी मालिका तेथे दाखविल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांना नवी इटालियन शीर्षकगीते देण्यात आली. ती लोकप्रिय झाली. पण मूळ जपानी संगीतकार त्या प्रेक्षकांना अपरिचितच राहिले.

भारतातील समांतर उदाहरण नागपूरच्या परिसराशी निगडित आहे. रडयर्ड किपलिंग (१८६५–१९३६) याच्या द जंगल बुक (१८९४) मधील मोगलीचे अरण्य म्हणजे सिवनीच्या टेकड्या. हा प्रदेश तेव्हा मध्य प्रांतात मोडत असे व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. किपलिंगने हे अरण्य स्वतः पाहिले नव्हते, असे सामान्यतः मानले जाते. स्टर्नडेलच्या सिवनीविषयक पुस्तकाचा (१८७७) त्याला आधार झाला. त्याच्या कथांत येणारी वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडारा, गडचिरोली या भागांतून वाहते. पेंचच्या जंगलाचा काही भाग तर नागपूर जिल्ह्यातच आहे.

या कथांवरील जपानी मालिका (१९८९–९०) दूरदर्शनने १९९३ मध्ये हिंदीत आणली. शेरखानाला नाना पाटेकर यांचा आवाज लाभला. जपानी शीर्षकगीताऐवजी गुलजार यांनी लिहिलेले व विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेले नवे गीत योजण्यात आले. रानभर पसरणारी कुजबुज आणि फुलाला चड्डी नेसविणारी खोडकर कल्पना यांमुळे उपदेशाचा सूर त्यात कोठेही नाही. मूल जसा विचार करते, तसाच हे गीतही करते; हे त्याचे मोठे यश होय.

त्याची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. या गीतातील जंगल कोठलेही असू शकते. त्यात सातपुडा नाही, वैनगंगा नाही. मालिकेची चित्रेही ही उणीव भरून काढत नाहीत. मोगलीचा सोबती किची हा तांबडा पांडा आहे. हा प्राणी हिमालयीन असून सातपुड्यात आढळत नाही. लांडग्याचे नाव तर अलेक्झांडर आहे. न पाहता कल्पिलेले अरण्य जपानी चित्रकारांनी पुन्हा कल्पिले, आणि ते परत आले तेव्हा त्याला हिंदी भाषा मिळाली, भूगोल मिळाला नाही. हिंदी नागपूरला परकी नाही. म्हणूनच तेथील मुलांनी हे गीत सहज आपलेसे केले. परंतु आपण गातो ते रान आपल्याच शहराच्या उत्तरेस आहे, ही जाणीव या गीताने त्यांना दिली नाही.

एका दृष्टीने मार्को व मोगली या दोघांनाही स्वतःचे घर शोधावे लागते. मार्कोच्या गीतात तो शोध ऐकू येतो. मोगलीचे गीत त्याहून अधिक जिव्हाळ्याचे व अधिक स्मरणीय आहे. पण घराचा पत्ता त्यात नाही.