घमेल्यातलं रॉकेल

इंजिन उतरवून खोललं की पहिला मोह पेट्रोलचा होतो. ब्रश बुडवून एक हात फिरवला की काळ्या थराखालून ॲल्युमिनियम चमकायला लागतं आणि अर्धं काम उरकल्यासारखं वाटतं. जाणत्या मिस्त्रीच्या घमेल्यात मात्र रॉकेल असतं. ते सावकाश काम करतं, वास धरून ठेवतं, हात चिकट करतं. तरीही तो ते का निवडतो, हे नीट पाहिलं तर त्या निवडीत धातूची आणि मळाची केवढी समज साठली आहे ते कळतं.

उदाहरणाला कास्ट आयर्न बुलेट ३५० घेऊ. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. इंग्लंडातल्या रेडिचचं हे इंजिन १९५५ पासून मद्रासेत जोडलं जाऊ लागलं. धुण्याची कला शिकायला ते फार चांगलं. सिलिंडर बिडाचा, हेड आणि क्रँककेस ॲल्युमिनियमचे, क्रँक पोलादी, शिवाय क्लचच्या प्लेटा आणि रबरी सील. मळाच्याही जाती वेगवेगळ्या. बाहेरून झिरपलेलं ऑइल आणि रस्त्याची धूळ यांचं पुट, पिस्टनच्या माथ्यावर जळका कार्बन, आणि ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच असल्यामुळे तिच्या तळाच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षं बसलेला काळा गाळ.

बाहेरच्या पुटावर रॉकेल काय करतं ते थांबून बघावं. रॉकेल आणि इंजिन ऑइल दोन्ही खनिज तेलातूनच निघालेली. रॉकेलच्या रेणूत साधारण १० ते १६ कार्बन, ऑइलच्या रेणूत त्याहून बरेच जास्त. जात एकच असल्यामुळे ऑइल त्यात सहज विरघळतं. पेट्रोलही त्याच जातीचं, पण ते पुटाच्या आत शिरण्याआधीच उडून जातं. रॉकेल टिकतं, मुरतं. रात्रभर भिजलेल्या पार्टवरचा थर सकाळी ब्रशच्या दोन फटक्यांत निघतो, तो या मुरण्यामुळे.

द्रावकाची ताकद मोजायची एक सुंदर जुनी रीत आहे. न्यूझीलंडच्या कौरी वृक्षाचा डिंक ब्युटॅनॉलमध्ये विरघळवतात आणि त्यात तपासायचा द्रावक थेंबाथेंबाने सोडतात. डिंक साकळून द्रव इतका गढूळ होतो की चंबूमागे ठेवलेली छापील अक्षरं धूसर दिसू लागतात. तोवर जितका द्रावक लागला, त्यावरून त्याचा आकडा ठरतो. टोल्युइनचा १०५ हा मापदंड. रॉकेल आणि रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाईन तिशीत घुटमळतात. ट्रायक्लोरोएथिलीन १३० च्या आसपास जातं, आणि तेच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांमध्ये आहे. आकडा ताकद सांगतो. कुठे वापरावं हे त्यात कुठेच नसतं. माझ्या मते तीस हा या कामाचा योग्य आकडा आहे. ऑइल आणि ग्रीस सोडवायला तो पुरतो, आणि सील, अस्तर, रंग यांना तो फारसा धक्का लावत नाही.

थिनरचं नेमकं उलट. त्यातलं टोल्युइन आणि ॲसिटोन रबर फुगवतं, रंग उचलतं, नायट्राईलच्या हातमोज्यातूनही झटकन आरपार जातं. त्याला एकच जागा आहे: पॅकिंगचं सोल्युशन लावण्याआधी दोन्ही बाजूंचं उघडं धातूचं तोंड कोरडं, तेलकटपणाविना करायला. तिथे रॉकेल नापास होतं, कारण ते मागे पातळ तेलकट पापुद्रा ठेवतं. तोच पापुद्रा बिडाच्या सिलिंडरला मात्र हवा असतो. पेट्रोलने पुसलेला सिलिंडर पावसाळ्याच्या हवेत उघडा ठेवला की लवकरच गंजाची लाली धरतो. एकाच गुणाला एका जागी दोष म्हणायचं आणि दुसऱ्या जागी दाद द्यायची, हे ज्याला जमलं त्याला धुणं जमलं.

कार्बन कुठल्याच घमेल्यात विरघळत नाही. भिजवून मऊ करायचा आणि लाकडी पट्टीने किंवा पितळी ब्रशने खरवडायचा, दुसरा मार्ग नाही. कॉस्टिक सोड्याचा गरम हौद बिडाला चालतो. ॲल्युमिनियमचं हेड त्यात बुडवलं तर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, धातू खाल्ला जातो आणि पार्ट काळवंडतो. असं हेड मग कितीही घासा, परत येत नाही.

आता क्रँक. या इंजिनात ऑइल क्रँकच्या टोकातून आत शिरतं आणि आतल्या भोकांमधून कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकापर्यंत पोचतं. बाहेरचा मळ सुटला की त्यातला काही या भोकांत जाऊन बसतो. म्हणून क्रँक नुसता घमेल्यात बुडवून भागत नाही. ऑइलच्या पिचकारीने एका बाजूने स्वच्छ रॉकेल दाबायचं, दुसऱ्या बाजूने येणारा थेंब पांढऱ्या कापडावर धरायचा, आणि डाग पडायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. मग हवा मारायची. वाहत्या द्रवाने आतला मार्ग सांगावा आणि आपण बाहेरून तो वाचावा, असा हा प्रकार आहे, आणि मला तो सगळ्या कामात सर्वांत देखणा वाटतो.

शेवटची धुलाई नवख्याला पटत नाही. सिलिंडर रिबोअर आणि होनिंग होऊन लेथवाल्याकडून आला की त्याच्या बारीक चरांत दगडाची पूड अडकलेली असते. रॉकेल किंवा पेट्रोल तेल विरघळवून घेतं, पूड चरातच ठेवतं. ती पूड नव्या रिंगा खाते. तिथे हवं असतं गरम पाणी, धुण्याचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. साबणाचा फेस कणाला वेढून वर उचलतो. पांढरं कापड आत फिरवून राखाडी छटा येईनाशी झाली की लगेच कोरडं करायचं आणि त्याच क्षणी ऑइल लावायचं, कारण आता बिडावर पापुद्रा राहिलेला नसतो. साऱ्या तेलकट द्रावकांनंतर साध्या पाण्याला हा मान मिळतो, आणि तो रास्त आहे.

रेशनचं निळं रॉकेल मिळेनासं झाल्यापासून घमेल्यात बहुधा डिझेल दिसतं. ते चालतं, पण जाड थर मागे ठेवतं आणि वास जाता जात नाही. माझी पसंती मिनरल टर्पेंटाईनला. पेट्रोलला मात्र हात लावू नका. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे फरशीलगत सरपटत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते, आणि त्यातलं बेन्झीन श्वासातून आणि कातडीतून शरीरात जातं. दार उघडं ठेवून धुवा. वापरलेलं रॉकेल किंवा टर्पेंटाईन झाकणाच्या डब्यात निवळू द्या, वरचं निवळलेलं पुढच्या पहिल्या हाताला वापरा, आणि तळाचा गाळ गटारात न ओतता जळक्या ऑइलसोबत अधिकृत भंगारवाल्याकडे द्या.